दादांची तालीम

दादांना नमस्कार केला तर ते लगेच परत करत नसत. आधी मागे वळून बघत, नमस्कार दुसऱ्या कुणाला तर नाही ना. खात्री पटली की मग हात जोडत. तोवर समोरचा माणूस लिफ्टमध्ये शिरलेला असे. ऑफिसातल्या निम्म्या लोकांना ते शिष्ट वाटायचे, ते यामुळे. शिष्ट ते अजिबात नव्हते. फक्त कुठलीही गोष्ट आपल्याकडे आली आहे, हे त्यांना पहिल्या फटक्यात पटत नसे.

कंपनीने माझी बदली कोलकात्याला केली तेव्हा सेक्टर फाइव्हमधल्या त्या ऑफिसात मराठी बोलणारं एकच माणूस होतं, आणि ते माझ्याशी बोलायला तयार नव्हतं. मी त्यांना ‘सर’ म्हटलं होतं. दुसऱ्या दिवशी ते माझ्या टेबलापाशी आले आणि म्हणाले, “सर इथे शाळेत असतात. दादा म्हण. तुझ्या वडिलांच्या वयाचा असलो तरी दादाच.” त्यांचा जन्म इथलाच, कोलकात्यातल्या बेहालाचा. आजोबा नागपूरकडून नोकरीसाठी आले आणि परत गेलेच नाहीत. दादांचं मराठी आईकडून आलेलं, त्यामुळे स्वयंपाकघरात ते अस्सल असायचं आणि उंबरठा ओलांडला की अडखळायचं. चहा ते पीत नसत, बंगाल्यांसारखा खात असत. “चल, चहा खाऊ,” असं ते पहिल्यांदा म्हणाले तेव्हा मला वाटलं, बरोबर बिस्किटं असतील. नव्हती.

आमचं काम काय होतं ते थोडक्यात सांगते, नाहीतर दादा कळायचे नाहीत. ब्लॉकचेन म्हणजे एक नोंदवही, जिच्या प्रती जगभरातल्या असंख्य संगणकांवर एकाच वेळी असतात. त्यामुळे तिच्यात एकदा लिहिलेलं कुणा एकाला खोडता येत नाही. वाचायचं मात्र कुणीही, केव्हाही. आपला प्रोग्रॅम या जाळ्याशी थेट बोलू शकत नाही. मध्ये एक तयार लायब्ररी लागते, दुभाष्यासारखी. दादांना त्या लायब्ररीचा कोपरान् कोपरा पाठ होता. तिची नवी आवृत्ती आली आणि रोजच्या आज्ञांची नावं बदलली, तेव्हा ते दोन-तीन दिवस गप्प होते. मग म्हणाले, “घरातल्या सगळ्या डब्यांची झाकणं कुणीतरी बदलून ठेवलीत. मीठ आहे तिथेच आहे, पण हात साखरेत जातो.”

त्या लायब्ररीतून काही विचारलं की उत्तर यायला वेळ लागतो. म्हणून प्रोग्रॅममध्ये एक छोटासा शब्द लिहायचा असतो, ज्याचा अर्थ, थांब, उत्तर येऊ दे, मग पुढे जा. नवशिके तो शब्द हमखास विसरतात. मग प्रोग्रॅम उत्तर यायच्या आधीच ‘झालं’ म्हणून मोकळा होतो, आणि काय झालं हे कुणालाच कळत नाही. दादांना ही चूक पाठीमागून नुसतं जाताजाताही दिसायची. “थांबायला विसरलीस,” एवढं म्हणून ते पुढे जात. मला त्याचा राग यायचा, कारण ते नेहमी बरोबर असायचं.

ऑफिसाबाहेरही त्यांचा हाच हिशेब. माझ्या धाकट्या भावाचं लग्न ठरलं तेव्हा मी पेढे घेऊन गेले. दादांनी पेढा हातात घेतला आणि विचारलं, “कुणी सांगितलं? मुलीकडच्यांनी की तुमच्याकडच्यांनी?”

“दोघांनी.”

“मुलीने?”

ते काही मला माहीत नव्हतं. त्यांनी पेढा कागदात गुंडाळून ड्रॉवरमध्ये ठेवला. पुढे लग्न झालं, मी फोटो दाखवले. नवरीचा हसरा चेहरा त्यांनी बोटांनी मोठा करून बघितला, ड्रॉवर उघडला आणि तो दगड झालेला पेढा माझ्यासमोर कडाकडा चावून खाल्ला. “अभिनंदन,” म्हणाले.

खऱ्या नेटवर्कवर काही लिहायचं तर आमच्याकडे एक लहानसा सोहळाच व्हायचा. ज्या पत्त्यावर पाठवायचं तो पत्ता, म्हणजे आकडे आणि अक्षरांची लांबलचक माळ, दोघांनी मोठ्याने वाचायची. एकाने एक अक्षर, दुसऱ्याने पुढचं. लोक नुसती सुरुवात आणि शेवट बघतात आणि मधल्या गफलतीत फसतात, असं दादांचं म्हणणं. शेजारच्या टीममधली पोरं आम्हाला ‘पाढेवाले’ म्हणायची. वाचून झालं की दादा कळ दाबायचे, उठून चहाला जायचे आणि परत येऊन स्क्रीनकडे बघितल्यावरच ‘झालं’ म्हणायचे. त्याआधी कुणी म्हणालं तर चिडायचे.

खऱ्या नेटवर्कच्या जोडीला सरावासाठी एक वेगळं नेटवर्क असतं. तिथे काहीही लिहा, कुणाला सोयरसुतक नाही. दादा त्याला तालीम म्हणायचे आणि खऱ्याला प्रयोग. तालमीसाठी नावं लागतात, आणि ती कधीही खऱ्या माणसांची वापरायची नाहीत, असा त्यांचा दंडक होता. स्वतःचंसुद्धा नाही. म्हणून त्यांच्या तालमीत नेहमी आईच्या स्वयंपाकघरातली आणि बेहालाच्या मासळीबाजारातली मंडळी असायची. श्रीमती अळूवडी, राहणार कढई. श्रीमती थालीपीठ, राहणार तवा. श्रीयुत पाबदा, राहणार रस्सा. आमच्याबरोबर एक बंगाली मुलगी काम करायची. ती ‘ओळूबोडी’ असा गोल उच्चार करून ही नावं वाचायची, आणि दादा गंभीर चेहऱ्याने मान डोलवायचे.

मग ते साड्यांचं काम आलं.

हातमागाच्या विणकरांची एक संस्था होती. त्यांना प्रत्येक साडीबरोबर एक खूण द्यायची होती. ती फोनने टिपली की साडी कुणी विणली, कुठल्या गावात विणली, ते दिसावं, आणि ते ब्लॉकचेनवर असावं, म्हणजे यंत्रावरची साडी हातमागाची म्हणून कुणी खपवू नये. काम मला मनापासून आवडलं होतं. संस्थेकडून विणकरांची नावं आणि सह्यांनिशी संमती आली. आमचा मॅनेजर खूश. माणूस वाईट नव्हता, पण वरून आलेल्या तारखेचं ओझं त्याच्या मानेवर सतत दिसायचं.

दादांनी काय करावं? एकेका विणकराला फोन करायला सुरुवात केली. नाव असंच लिहितात ना, आणि ते सगळ्या जगाला कायमचं दिसेल, चालेल ना, हे दोन प्रश्न. बहुतेकांनी हसून होकार दिला. एका बाईंशी मात्र बोलणं लांबलं. माझं बंगाली तेव्हा भाजी घेण्यापुरतं होतं. मला एवढंच कळलं की दादांचा आवाज खाली गेला आहे. फोन ठेवल्यावर त्यांनी सांगितलं, ती नवऱ्याचं घर सोडून लेकीला घेऊन आली आहे. नवऱ्याकडचे अजून तिचा ठावठिकाणा विचारत फिरतात. गावाचं नाव जगजाहीर झालं तर ते दारात उभे राहतील.

“तिला नको आहे,” दादा मॅनेजरला म्हणाले.

पंचाईत अशी, की उद्घाटनाच्या दिवशी जी साडी सगळ्यांसमोर मांडायची होती ती हिनेच विणलेली होती. तिच्यासारखा हात त्या भागात दुसरा नाही, असं संस्थेचे लोक म्हणत. मॅनेजर म्हणाला, “दादा, सही है उनकी.”

“सही विचारून घेतली का नुसती घेतली?”

नोंदीवर संगणकी सही करून ती पाठवायची गुप्त किल्ली एकट्या दादांच्या ताब्यात होती, त्यामुळे जबरदस्तीही करता येत नव्हती. तेवढ्यात संस्थेच्या लोकांना तालीम बघायची इच्छा झाली. मॅनेजरला वाटलं, निदान तालमीत तरी खरी नावं वापरावीत. लोकांना आपली माणसं स्क्रीनवर दिसली तर बरं वाटेल. नाहीतरी सरावाचंच नेटवर्क. त्यात काय बिघडतंय?

“नाटकाच्या तालमीत खरं विष पितात का?” दादा म्हणाले.

ऑफिसात हे वाक्य बरेच दिवस चेष्टेने फिरत होतं. कॉफीच्या यंत्रापाशी कुणीतरी कप तोंडाला लावायचा आणि दुसरा विचारायचा, तालीम आहे की प्रयोग? मीही हसायची. माझंही मत मॅनेजरसारखंच होतं. दादा ताणतात, असं मला वाटायचं.

तालमीच्या दुपारी संस्थेची मंडळी व्हिडिओवर हजर होती. दादांनी माझ्याकडून आणि त्या बंगाली मुलीकडून पत्ता वाचून घेतला, अक्षरागणिक. बरोबर आला. त्यांनी कळ दाबली, उठले, चहाला गेले. व्हिडिओवरची माणसं गोंधळून एकमेकांकडे बघत राहिली. ती मुलगी पत्त्यावर नोंदी दिसतात का ते बघत होती, आणि दादा परत दारात दिसताच ओरडली, “दादा, एटा तो आशोल!” हे तर खरं आहे.

खरं होतं. तालीम प्रयोगाच्या रंगमंचावर झाली होती. जगातल्या असंख्य संगणकांवर, कुणालाही कधीही खोडता येणार नाही अशा जागी, बंगालच्या नामवंत विणकर म्हणून श्रीमती अळूवडी, राहणार कढई, यांची नोंद झाली होती. मागोमाग थालीपीठबाई आणि श्रीयुत पाबदा.

चूक कशी झाली तेही सांगायला हवं, कारण ती फक्त दादांसारख्या माणसाकडूनच होऊ शकते. त्यांच्या संगणकावर दोन खिडक्या उघड्या होत्या, एक तालमीची, एक प्रयोगाची. खऱ्या खिडकीत ते सकाळी काही तपासत होते, ती तशीच राहिली. आमच्या कुणाकडूनही अशी खिडकी चुकली असती तर पत्ता वाचताना पकडली गेली असती, कारण एरवी दोन्हीकडचे पत्ते वेगळे असतात. पण दोन पत्ते असले की माणसं गोंधळतात, म्हणून दादांनी या वेळी मुद्दाम खटपट करून दोन्ही नेटवर्कवर एकच पत्ता येईल अशी व्यवस्था केली होती. आम्ही अक्षर न् अक्षर वाचलं, आणि आपण कुठल्या नेटवर्कवर आहोत हे एकानेही वाचलं नाही.

व्हिडिओवरची मंडळी ती नावं वाचत होती. मग संस्थेच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी विचारलं, की या ओळूबोडी कुठल्या गावच्या? आणि हसू फुटलं. आम्ही सगळे हसलो, मॅनेजरही. मग त्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला. आपलं ऐकून दादांनी खरी नावं वापरली असती तर काय झालं असतं, ते त्याच्या ध्यानात आलं. तो दादांपाशी गेला आणि म्हणाला, “दादा, आपनि बाँचिये दिलेन.” तुम्ही वाचवलंत.

“मी बुडवलं,” दादा म्हणाले. “पाणी उथळ होतं, एवढंच.”

जुनी नोंद तशीच टाकून देऊन नव्याने सगळं उभारायचं ठरलं. तसं अवघड नव्हतं. पण दादा त्या दिवसापासून आक्रसल्यासारखे झाले. पत्ते मोठ्याने वाचायला लावेनात. कुणी नमस्कार केला तर मागे वळूनही बघेनात. मला फार वाईट वाटलं. ज्यांची इतके दिवस चेष्टा केली ते आपली सवय सोडताना दिसले की बरं वाटायला हवं, पण तसं होत नाही.

नव्या उभारणीत सहीची किल्ली त्यांनी माझ्या हवाली केली. मॅनेजरने समजूत घातली, मी घातली. ऐकलं नाही. मग मला बाल्कनीत नेऊन म्हणाले, “आता ठरवायचं तुला आहे, म्हणून सांगतो. त्या बाईंना मी फोन केला तेव्हा त्या काय म्हणाल्या, तुला माहीत आहे?”

“नको म्हणाल्या. तुम्हीच सांगितलंत.”

“त्या म्हणाल्या, भीती वाटते. नको असं मी म्हणालो.”

मी त्यांच्याकडे वळले.

“भीती वाटते म्हणजे नकोच असणार, असं धरून चाललो,” ते म्हणाले. “त्या पुढे काहीतरी बोलत होत्या. मी थांबलो नाही.”

त्या शनिवारी आम्ही दोघं सियालदाहून गाडी पकडून त्या बाईंच्या गावी गेलो. गाव कुठलं ते लिहिणार नाही. संस्थेच्या लांबट शेडमध्ये मागांचा खटखटाट चालला होता. बाई माग थांबवून उठल्या नाहीत. हातातली ओळ पुरी केली, मग वळल्या. वय माझ्याएवढंच असेल. दादांनी सगळं पुन्हा सांगितलं, यावेळी सावकाश, मधेमधे थांबत. मला बरंचसं कळलं, राहिलेलं नंतर दादांनी भरून दिलं.

बाईंनी विचारलं, “आता साडी गेली की तिच्यावर संस्थेचा शिक्का असतो. माझं काय असतं तिच्यावर?”

दादा म्हणाले, “काही नाही.”

“आणि तुमच्या त्याच्यात लिहिलं तर?”

“तुमचं नाव राहील. कुणीही वाचू शकेल. पण चुकलं, नकोसं झालं, तर आम्हालाही खोडता यायचं नाही.”

“संस्थेला?”

“नाही.”

बाई जरा वेळ मागाकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, “त्याला?”

दादांना आधी कळलं नाही. मग कळलं. “नाही,” ते म्हणाले. “त्यालाही नाही.”

“मग नाव लिहा,” बाई म्हणाल्या. “पुरं लिहा. गाव नका लिहू. या नावाच्या बायका इकडे घरटी एक सापडतील. फिरू दे त्याला दारोदार.” आणि त्या हसल्या. शेजारच्या मागावरची म्हातारीही हसली. तिचंही नाव बहुधा तेच असावं.

परतीच्या गाडीत दादा खिडकीबाहेर बघत बसले होते. बऱ्याच वेळाने म्हणाले, “खोडता येत नाही, म्हणून मी लोकांना इतकी वर्षं भीती घातली. कुणाला त्याचाच आधार वाटेल, हे डोक्यात आलं नव्हतं.” मग फेरीवाल्याकडून झालमुरी, म्हणजे तिकडची भेळ, घेतली, निम्मी मला दिली आणि हिरवी मिरची निवडून काढत बसले. ऑफिसात आल्यावर मी बाईंच्या नोंदीतलं गाव काढलं. दादा म्हणाले, एकटीचंच रिकामं राहिलं तर तेच डोळ्यात भरेल. म्हणून आम्ही सगळ्यांचीच गावं काढली. मॅनेजरने संस्थेला कसं पटवलं ते त्याचं तोच जाणे, पण पटवलं.

खऱ्या नोंदी मी पाठवल्या. आधी नेटवर्कचं नाव मोठ्याने वाचलं, मग पत्ता. दादा शेजारी उभे होते, हात पाठीमागे बांधून. बाईंचं नाव लिहून झालं तेव्हा मी चहाला चला म्हटलं, तर ते जागचे हलले नाहीत. स्क्रीनकडे बघत राहिले, आणि तिथे पक्की खूण उमटली तेव्हा त्यांनी डोळे पुसले. चष्मा काढून, उघडपणे. मला त्यांचा त्या क्षणी फार अभिमान वाटला, हे मी त्यांना सांगायला हवं होतं असं नाही. त्यांनी आधी मागेच वळून बघितलं असतं.

पुढे वर्षभरात ते निवृत्त झाले. बेहालाला असतात. मी अजून कोलकात्यातच आहे, डमडमला, मधूनमधून फोन होतो. हे लिहायला घेतलं तेव्हा फोन करून विचारलं, “दादा, तुमच्यावर लिहितेय. नाव घालू का?”

“छापणार?”

“हो.”

“छापल्यावर खोडता येईल?”

“नाही येणार.”

“आधी वाचून दाखव.”

मी सगळं वाचून दाखवलं. पेढ्याचं ऐकून म्हणाले, कडाकडा वगैरे काही चावला नव्हता, चहात बुडवून खाल्ला होता. मला स्पष्ट आठवतंय, चावलाच होता. तसंच ठेवलं आहे. बाकीचं त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. पलीकडे कुकरची शिट्टी झाली.

“माझं नको,” ते म्हणाले. “या सगळ्यात मी काय केलं? पण तिचं का नाही घातलंस? सगळीकडे नुसती बाई, बाई.”

“तिने साडीपुरतं हो म्हटलं होतं, दादा. माझ्या लेखासाठी नाही.”

“मग मला काय विचारतेस? तिला विचार.”

आता माझं बंगाली बरं आहे. मी स्वतःच फोन लावला. मागांचा आवाज इतका होता की मला दोनदा सांगावं लागलं: मराठीत आहे, लांबच्या लोकांसाठी आहे, तुमच्या त्या दिवसाबद्दल आहे. गाव कुठेही येणार नाही, हे आधी सांगितलं. खोडता येणार नाही, तेही सांगितलं. मग थांबले. तिने पलीकडे कुणाला तरी माग बंद करायला सांगितला आणि एकेक अक्षर सुटं करून, मला लिहून घेता यावं म्हणून, आपलं नाव सांगितलं.

शेफाली बसाक.